बसायचं का?

(करमाळ्यात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलायला उभं केलंय खरं, पण मी काही वक्ता नव्हे. एसटीत कंडक्टर होतो. जन्मभर घंटी मारली, तिकिटं फाडली, आता रिटायर झालोय. त्यामुळं माझं भाषण म्हणजे खड्ड्याच्या रस्त्यावरची गाडी. मधेच दणका बसंल, मधेच थांबंल. पुस्तकातलं थोडं, अंगावरचं जास्त. विषयही काही मोठा नाही. मागच्या महिन्यात मी एका जुन्या दोस्ताबरोबर इथल्याच एका परमिट रूममध्ये जेवायला बसलो. त्या जेवणावर मी बोलणार आहे.

हसू नका. क्रांती, परिवर्तन, शोषण हे शब्द आपण लई वापरले. वापरून वापरून ते गुळगुळीत झाले. आज एक साधाच शब्द घेऊ. बसणं.

आपल्याकडं संध्याकाळी कुणाचा फोन आला आणि तो म्हणाला, "बसायचं का आज?" तर आपण विचारत नाही की कशावर बसायचं, खुर्चीवर का सतरंजीवर. बसायचं म्हणजे प्यायचं. दारूचं नावही काढावं लागत नाही. सभ्य लोकांनी हुडकून काढलेला सभ्य शब्द आहे तो. पण हाच शब्द माझ्या बापाच्या कानावर पडला असता तर तो दचकला असता. कारण त्याला जन्मभर गावात कुणी "बस" म्हटलंच नव्हतं.

आमच्या गावात एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रा, पुढं एक लाकडी बाक. बाकावर गाव बसायचा. माझा बाप बाकापासून चार हात लांब, उकिडवा. वळचणीला कान तुटलेली एक कपबशी खोचलेली असायची, ती आमची. बाप ती काढायचा, धुवायचा, जमिनीवर ठेवून मागं सरकायचा. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झाला की बाप ती परत धुऊन वळचणीला खोचायचा. पैसे जमिनीवर ठेवायचे. हॉटेलवाला पाणी शिंपडून ते उचलायचा. पाणी शिंपडलं की पैसा शुद्ध व्हायचा, माणूस होत नव्हता. पाटलाच्या भावकीतली शेंबडी पोरं माझ्या म्हाताऱ्या आज्याला नावानं हाक मारायची, आणि आजा "जी" म्हणून उभा राहायचा. उभं राहायचं, वाकायचं, उकिडवं व्हायचं हे आम्हाला होतं. बसायचं तेवढं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. सगळा गाव खडी फोडायला गेला. मराठा, धनगर, माळी, महार, मांग, सगळे एका उन्हात. मिलोच्या लाल भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या, सुकडी सगळ्यांनी खाल्ली. दुष्काळानं सगळ्यांना एका ओळीत आणलं. पण पाण्याच्या रांजणापाशी आलं की ओळी दोन व्हायच्या. भूक एक, तहान एक, रांजण मात्र दोन. त्याच सालात मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. आमच्या गावात तिचं नाव पोचायला अजून बरीच वर्षं होती.

आता ज्याच्याबरोबर मी बसलो तो दोस्त. त्याचं नाव सांगत नाही. तो पाटलाच्या भावकीतला. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. गणित मी त्याला दाखवायचो आणि तो मला शेंगा आणून द्यायचा. पुढं त्यानं ऊस केला, ट्रॅक्टर घेतला, आता बंगला बांधलाय. मला एसटीचं खातं मिळालं. पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर धावली, हे आम्हाला खात्यात अभिमानानं सांगायचे. मलाही अभिमान आहे, पण वेगळ्या कारणासाठी. एसटीत सीट रिकामी असली की कुणालाही बसता येतं, गावच्या बाकासारखं नाही. तरी नोकरीच्या सुरवातीला मी बघितलंय, शेजारी कोण बसलाय ते ओळखून माणसं उभ्यानं वीस-वीस मैल जायची. पाय दुखले तरी चालतील, पण मांडीला मांडी लागायला नको.

तर त्या दिवशी दोस्ताचा फोन आला. "काय कंडक्टर, मेला का जिवंत हाईस? बसायचं का?"

गेलो. नगर-टेंभुर्णी रस्त्यावर उसाच्या ट्रकांची रांग लागलेली. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, निळी ट्यूबलाइट, एका कोपऱ्यात पडदा लावलेला फॅमिली रूम. त्यानं क्वार्टर सांगितली, मी सोडा सांगितला.

"अजून तसाच का तू?"

"व्हय, तसाच."

इथं थांबून माझं खरं सांगतो, नाहीतर तुम्ही मला साधू समजाल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माझ्या आईबापानं नंतर गावात ती घेतली. मी लहानपणी ती घडाघडा म्हणायचो, आणि नोकरीला लागल्यावर ती मोडली. मुक्कामाच्या गाडीला रात्री काय करायचं? बसायचं. दहा वर्षं बसलो. बायकोच्या कानातलं गेलं, पोराची फी राहिली. एका रात्री पोरानं दार उघडलं आणि माझ्याकडं न बघता बाजूला झाला. त्या दिवसापासनं सोडली. म्हणून सोडा मागताना मला मोठेपणा वाटत नाही, लाजच वाटते, की एवढी वर्षं लागली.

भुर्जी आली. शेंगदाणे आले. मग सुकं मटण, रस्सा, बाजरीची भाकरी. ताटली एकच. त्यानं घास घेतला, मी घास घेतला. रश्श्याच्या वाटीत दोघांच्या भाकरी बुडल्या. माझ्या ग्लासातला घोटभर सोडा त्यानं आपल्या ग्लासात ओतून घेतला. शाळेतल्या गोष्टी निघाल्या. मास्तरांच्या छड्या निघाल्या. आम्ही दोन म्हातारी माणसं पोरांसारखी हसलो. खरं सांगतो भावांनो, मला बरं वाटलं. मला बापाची आठवण झाली. मनात म्हटलं, आबा, बघ. तुझा पोरगा खुर्चीवर बसलाय आणि पाटलाच्या ताटलीत जेवतोय.

ही गोष्ट लहान समजू नका. ही खुर्ची कुणी दयेनं दिलेली नाही. संविधानाचं कलम १७ तुम्हा पोरांना पाठ आहे. अस्पृश्यता बंद. पण कलम १५ नीट वाचा. त्यात दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, हॉटेलं आहेत. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आहेत. बाबासाहेबांच्या हातनं घटनेत हॉटेल का आलं असंल? कारण ज्याला तहान माहीत होती असा माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. लहानपणी साताऱ्याहून बापाला भेटायला निघालेल्या त्या पोराला वाटेत पाणी मिळालं नव्हतं. पुढं १९५५ साली अस्पृश्यता अपराधांचा कायदा झाला. १९७६ साली तो कडक होऊन त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं कलम ४ वाचा. हॉटेलात सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरायला मज्जाव केला तर तो गुन्हा. एक महिना ते सहा महिने कैद, शंभर ते पाचशे रुपये दंड. म्हंजे माझ्या बापाची ती कान तुटलेली कपबशी कायद्याच्या पुस्तकात गेलेली आहे.

पण कायदा पुस्तकात जाऊन भागत नाही, कुणीतरी जाऊन बसावं लागतं. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या शरणकुमार लिंबाळेंनी 'अक्करमाशी' लिहिली, १९८४ साली. तिच्यात हॉटेलातली वेगळी कपबशी आहे आणि तिच्याविरुद्ध पोरांनी पोलिसात दिलेला अर्जही आहे. ज्या पोरानं तो अर्ज खरडला त्याची छाती किती धडधडली असंल ते मला कळतं.

त्याच्या आधीचं सांगतो. कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे म्हणून नोकर होते. राखीव पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. महाराचं हॉटेल, कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत. ते "डोळ्यांदेखत" ध्यानात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

आणि लांबचं सांगतो. अमेरिकेत ग्रीन्सबोरो नावाच्या गावी १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. दुकानातला किरकोळ माल त्यांनी विकत घेतला. त्यांचे पैसे चालले. मग ते खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही. माल विकत घ्यायला काळा माणूस चालतो, बसायला चालत नाही. पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं आली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. जुलै महिन्यात काउंटर खुलं झालं. त्यांनी दगड मारला नाही, काच फोडली नाही. ती पोरं बसली, एवढंच. त्या देशातल्या ब्लॅक पँथरचं नाव मागाहून आपल्या पोरांनी घेतलं. पण बसण्याची लढाई तिकडली आणि इकडली एकच होती.

आता परत आपल्या टेबलावर येऊ.

तिसऱ्या पेगला दोस्त भावनेत आला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "खरं सांगू का, तुझ्याकडं बघून कुणाला वाटणार बी न्हाई."

"काय वाटणार न्हाई?"

"तेच की."

हे "तेच की" मी जन्मभर ऐकलंय. शिव्या परवडल्या. हे कौतुक परवडत नाही. तरी गप बसलो. म्हटलं, पोटात गेलेली बोलतेय.

मग तो म्हणाला, "रविवारी वास्तुशांती हाय. सगळ्या गावाला जेवण हाय. तुझं मी आपलं इथंच उरकून घेतलं बघ. निवांत. तिथं म्हातारी हाय, देवघर हाय, पावणे असत्यात. त्या गर्दीत तू कुठं बसणार?"

ऐकलं का भावांनो? तू कुठं बसणार.

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. तेव्हा मला उमगलं की मी जे जेवत होतो ते वास्तुशांतीचंच जेवण होतं, फक्त वास्तूच्या बाहेरचं. गावाची पंगत बंगल्यात आणि माझी पंगत हमरस्त्यावर. त्याच्या मनात वाईट नव्हतं. उलट त्याला वाटत होतं आपण केवढं प्रेमानं केलं. माझा अपमान व्हायला नको म्हणून त्यानं चांगली सोय केली होती. हॉटेलवालाही माझ्या बापाची सोयच करत होता. वळचणीला कपबशी होती की! म्हंजे ते निळ्या ट्यूबलाइटचं टेबल हीच माझी कान तुटलेली कपबशी. फरक इतकाच की ही आपली आपण धुवावी लागत नाही.

मी पोराला हाक मारली. "बाळा, बिल आण. अर्धं अर्धं कर."

दोस्त चिडला. "आता जात काढतो का? एका ताटात जेवलो ना तुझ्याबरोबर?"

"जेवलास," म्हटलं. "रात्री. गावापासनं अठरा किलोमीटरवर. ओळखीचं कुणी नसताना."

तो काही बोलला नाही. मी माझे पैसे ठेवले, टेबलावर. जमिनीवर नाही.

घरी येताना मला आमच्या वस्तीतली हातभट्टी आठवली. एका विधवा म्हातारीची होती. पोटासाठी करायची बिचारी. दिवस मावळला की गावातली मोठमोठी माणसं अंधारातनं वस्तीत यायची. तिच्या घरातल्या ग्लासातनं प्यायची, तिनं भाजलेले बोंबील खायची. पण ठसका लागला तर तिच्याकडं पाणी मागायची नाहीत. दारूला विटाळ नव्हता, पाण्याला होता. लहानपणी मला याचा अर्थ लागत नव्हता. आता लागतोय. दारू चोरून प्यायची असते. पाणी उजेडात, चारचौघांत पितात. जे अंधारात केलं त्यानं जात बुडत नाही, कारण ते झालंच नाही असं सकाळी म्हणता येतं. महाडला हजारो माणसं कशाला जमली असती नाहीतर? तळ्याचं पाणी काय गोड होतं? १९२७ सालच्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी ते पाणी भर दिवसा, गावाच्या समोर, ओंजळीनं प्यायलं. तिथं पाण्याइतकाच दिवस महत्त्वाचा होता.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली भाषण तयार केलं. मंडळाला ते झेपलं नाही, सभा रद्द झाली, बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी सांगितलंय की नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही. बरीच वर्षं मला ते पटत नव्हतं. वाटायचं, एका ताटात जेवलो की झालं. बाबासाहेबांचं ते वाक्य मला परमिट रूममध्ये समजलं, साठी उलटल्यावर. कायदा हॉटेलाच्या आत आला. घराच्या उंबऱ्यापाशी तो थांबतो. कुणाला जेवायला बोलवावं हे कोर्ट सांगू शकत नाही. तिथं माणसालाच पाऊल टाकावं लागतं. आणि तिथंच दोस्ती बसून राहते.

आता आपल्याकडं वळू. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बोलणं सोपं आहे.

मी विचारतो, तुमच्यातले किती जण मांगवाड्यात जाऊन जेवलेत? मयताला, सभेला नाही. साध्या दिवशी, साध्या भाकरीला? आपल्या किती घरांत मातंगाची, ढोराची, चांभाराची सून आहे? पारध्याचं पोर आपल्या ओट्यावर आलं तर आपण काय म्हणतो? आता खाली बघू नका. मीही त्यातलाच आहे. आपल्या वळचणीलाही कपबशा खोचलेल्या आहेत.

दुसरं. त्या टेबलावर पाणी आणून देणारा, खरकटं उचलणारा पोरगा. आम्ही दोघं समतेवर भांडत होतो आणि तो आमच्या हाडांची ताटली पुसत होता. तो कुठला, जेवला का, शाळेत जातो का, मी विचारलं नाही. "बाळा" म्हटलं, एवढंच. त्याला कोण म्हणणार, बस?

तिसरं. माझी बायको. मी तिथं मटण खात होतो तेव्हा ती घरी कालच्या भाकरीचे तुकडे करून खात होती. आपल्या आयाबायांना त्या खोलीत पडद्याआड जागा आहे, तीही नवरा बरोबर असला तर. म्हंजे बायकांनाही एक वेगळा रांजण आहेच. आणि ज्या बायकांनी गावागावांत मतदान करून बाटली आडवी केली, त्यांच्यात आपल्या आया पुढं होत्या. त्यांना कुणी कलमं शिकवली नव्हती. त्यांनी मार खाल्ला होता. १४ एप्रिलला डीजेपुढं पिऊन नाचणाऱ्या पोरांनो, तुमच्या आईला विचारा बावीस प्रतिज्ञा काय असतात. पाजून मत घेणारा माणूस तुम्हाला खुर्ची देत नाही, तो तुम्हाला उकिडवंच बसवतो. तुमची मान धुंदीत असते म्हणून तुम्हाला कळत नाही.

परमिट रूम हा शब्द कुठनं आला ठाऊक आहे का? १९४९ च्या दारूबंदी कायद्यातनं. आपल्या राज्यात दारू प्यायला अजूनही कागदोपत्री सरकारचं परमिट लागतं. माझ्या बापाला चहा प्यायला गावाचं परमिट लागायचं. आणि मला दोस्ताच्या घरी जेवायला त्याच्या म्हातारीचं, पावण्यांचं, देवघराचं परमिट लागतं. ते परमिट कुठल्या हापिसात मिळतं तेवढं कुणीतरी मला सांगा.

मी काय करा म्हणतो? दोस्ती तोडा म्हणत नाही. मीही तोडलेली नाही. त्या टेबलावर जाऊ नका असंही नाही. ते टेबल आपल्या बापजाद्यांनी मार खाऊन मिळवलेलं आहे, ते आपलं आहे. जेवा, हसा, गप्पा मारा. पण तिथल्या समतेला समता म्हणू नका. ती बिल देईपर्यंतची असते. कुणी म्हटलं "बसायचं का?" तर विचारा, कुठं? कधी? कुणाच्या देखत? दिवसा बसायचं का? तुझ्या घरात बसायचं का? तुझी आई, माझी आई एका सतरंजीवर बसायच्या का?

चार दिवसांनी दोस्ताचा फोन आला. वास्तुशांती उरकली होती.

"रागावला का लेका? चल, बसायचं का?"

म्हटलं, "बसू की. माझ्या घरी. रविवारी दुपारी. तुझ्या म्हातारीला पण आण. माझी बायको पिठलं-भाकरी करंल. आधी पाणी घ्या, मग जेवा."

तो थोडा वेळ गप. मग म्हणाला, "येतो."

भावांनो, तेव्हापासनं तीन रविवार गेलेत. तो अजून आलेला नाही. आम्ही दारातली सतरंजी गुंडाळलेली नाही. बायको दर रविवारी विचारते, पीठ जास्तीचं मळू का? मी म्हणतो, मळ.

जय भीम.